कानसेन भावोजी

आमच्या भावोजींना मी गळ्यात हेडफोन घालून बाराव्याच्या पंगतीला बसलेलं पाहिलं आहे. गेलेली बाई त्यांची सख्खी काकू होती. पानात वडे वाढले जात होते, बायका पदराने डोळे टिपत होत्या, आणि भावोजी शेजारच्या माणसाला सांगत होते की या हॉलमध्ये आवाज फार घुमतो. माळकरी जसा गळ्यातली माळ काढत नाही, तसे ते हेडफोन काढत नसत. माळकरी निदान मासे तरी सोडतो. भावोजी विषयसुद्धा सोडत नसत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुषमाताईचे यजमान. विमा कंपनीत नोकरी, दादरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्या दोनपैकी एक खोली हेडफोनांची. काचेच्या कपाटात ते ओळीने टांगलेले असत आणि त्यांना हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. पंख्याची घरघर ऐकण्याच्या आड येते म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता. मे महिन्यात भावोजी तिथे घामाने निथळत आणि डोळे मिटून बसत. बिल्डिंगमधल्या कोणी तरी चेष्टेने त्यांचं नाव 'कानसेन' ठेवलं. त्यांनी ती पदवी समजून स्वीकारली. जेवायला बोलवायचं तर ताई दारात उभी राहून त्या खोलीतला दिवा बंद-चालू करायची, कारण हाक पोचत नसे.

मला आधी वाटायचं, माणसाला गाण्याचं वेड आहे. तसं काही नव्हतं. भावोजी गाणं ऐकतच नसत, ते हेडफोन ऐकत. एकाच गाण्याची सुरुवात ते पुन्हा पुन्हा लावत आणि गायिकेचा आवाज सुरू झाला की बंद करत. गाणं कोणी म्हटलंय, असं मी एकदा विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. वर मलाच म्हणाले, "गाणं काय, सगळेच ऐकतात."

अशा माणसाकडे मी सल्ला मागायला गेले, कारण घरात दुसरा जाणकार नव्हता. मला परळच्या एका ऑफिसात मालिकांचे संवाद ऐकून सबटायटलं लिहायचं काम मिळालं होतं. नोकरी कच्ची होती, काम घरून करायचं होतं आणि चांगले हेडफोन ही माझी जबाबदारी होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका रविवारी भावोजी काळाचौकीला आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मी विषय काढला. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आमच्या वडिलांकडे, अण्णांकडे, दयेने पाहिलं.

"कान घडवावे लागतात," ते म्हणाले. "तुमच्या घरात कान नाहीतच. यांचे मागाच्या खडखडाटात गेले. तुझेही तसलेच असणार."

अण्णांची सगळी उमर गिरणीत मागांपुढे गेली होती आणि त्यांना खरंच कमी ऐकू येई. जावई काय म्हणाले ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, बांगड्याचं तिखलं आवडलं म्हणतात. अण्णा खूश झाले. "बरो माणूस आसा," म्हणाले.

पुढच्या शनिवारी भावोजी मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले. दुकानात त्यांनी मला बोलूच दिलं नाही. विक्रेत्याला ते एकेक जोडी काढायला लावत, कानाला लावत, तोंड वाकडं करत आणि ती परत करत. मला एक साधी जोडी बरी वाटली, तर म्हणाले, ही टॅक्सीवाल्यांची आवड. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर ओपन बॅक हेडफोन चढवले. या प्रकारात कानावरच्या कपांना मागून जाळी असते. आवाज मोकळा आणि सुंदर येतो, हे मला नाकारता येणार नाही. पण आमचं घर चाळीत आहे, तिथे हे चालतील का, एवढं मी विचारलं. भावोजी म्हणाले, "वस्तू माणसाला शोभायला नको. माणूस वस्तूला शोभला पाहिजे." विक्रेता गालात हसला. मी शरमेने पैसे देऊन मोकळी झाले.

जाळीतून आतला आवाज बाहेर जातो, तसा बाहेरचाही आत येतो, हे वाक्य त्या कानसेनाने एकदाही उच्चारलं नव्हतं. गणपती जवळ आले होते. आमच्या खिडकीखालच्या मैदानात ढोलपथकाची तालीम सुरू झाली. मालिकेतले आजोबा म्हणाले, हा आमचा वंश आहे; मी लिहिलं, हा आमचा हंस आहे. आठवड्याचं काम दाखवायला ऑफिसात गेले, तर तिथल्या बाईंनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि असं आणखी एकदा झालं तर येऊ नकोस, असं शांतपणे सांगितलं. मी रडकुंडीला येऊन भावोजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग घर बदल."

ताईला हे कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला दादरच्याच एका लहान दुकानात घेऊन गेली. वाटेत तिने विचारलं की मी बसते कुठे, सलग किती वेळ बसते आणि कानात गाणं असतं की बोलणं. मला हे कोणी विचारलंच नव्हतं. दुकानात तिने खोक्यांवरचं काही वाचू दिलं नाही. माझ्या फोनमध्ये अण्णांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं. तिने प्रत्येक जोडीवर तेच लावायला सांगितलं, कारण तो आवाज खरा कसा आहे हे मला पाठ होतं. आवाज दर वेळी सारखाच ठेव, म्हणाली, मोठं वाजतं ते उगाच चांगलं वाटतं. शेवटी उरलेले बंद कपांचे हेडफोन घालून तिने मला बसवलं आणि स्वतः दुकानदाराशी भाजीच्या भावावर गप्पा मारत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, डोकं दुखतंय का. दुखत नव्हतं. तेच घेतले, आणि माझी नोकरी टिकली.

भावोजींना ते दाखवले तर त्यांनी दोन बोटांत धरून लगेच खाली ठेवले आणि हात रुमालाला पुसले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ताई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. मनगट मोडलं आणि कमरेला असा मार लागला की उठता येईना. ती हाका मारत राहिली. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंनी ऐकलं, बेल वाजवून पाहिली, आणि ताईने त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. त्यांनी तिला उचलून बाहेर पलंगावर आणलं, कपडे घातले, मला फोन केला. मी काळाचौकीहून टॅक्सीने पोचले, तोवर भावोजी नुकतेच खोलीतून बाहेर आले होते. पाणी प्यायला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं की घरात कोणी नव्हतं का. भावोजी म्हणाले, "मी होतो ना. पण हे नवे हेडफोन इतके उत्तम आहेत, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही." त्यात खंत नव्हती. ते कौतुक होतं. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. ताई छताकडे बघत होती. माणसाची इतकी किळस मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही.

प्लास्टर निघालं तशी ताई 'थोडे दिवस' म्हणून काळाचौकीला आली. थोडे दिवस संपले, तरी तिने परत जायचं नाव काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही. अण्णा मोठ्याने बोलत, ती मोठ्याने उत्तर देई आणि सगळ्या मजल्याला आमच्या घरात काय शिजतंय ते कळे.

मग एका संध्याकाळी भावोजी आले. गळा मोकळा होता, त्यामुळे क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही. हातात खोकं होतं. अण्णांना नमस्कार करून त्यांनी ते ताईपुढे ठेवलं. आत त्यांच्या कपाटातले सगळ्यात भारी हेडफोन होते. कानावरच्या गाद्या बदलून त्यांनी मऊ कापडाच्या बसवल्या होत्या, ताईच्या चष्म्याच्या काड्या टोचू नयेत म्हणून. पट्टीही तिच्या मापाला आत सरकवून आणली होती. तिच्या डोक्याचं माप या माणसाला माहीत होतं. त्यांचा तिरस्कार करायला मला तेवढ्या एका वेळी जमलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

"शिकाऊ कानालाही चालतील," भावोजी म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणायचं असावं.

ताईने चष्मा सारखा करून हेडफोन घातले. त्यांनी फोनवर काही तरी लावलं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग हेडफोन उतरवून तिने वायर नीट गुंडाळली, ते खोक्यात ठेवले आणि खोकं त्यांच्या बाजूला सरकवलं.

"ऐकू आलं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"आलं," ती म्हणाली. "चहा टाकते. पिऊन निघा."

त्यांनी चहा घेतला. अण्णा त्यांना गावच्या आंब्याचं काही तरी सांगत होते आणि ते मान हलवत होते. कप रिकामा झाल्यावर ते उठले, खोकं काखेत घेतलं आणि जिन्याकडे गेले. ताई कप विसळायला मोरीत गेली होती, आणि नळ चांगला मोठा सोडला होता.