उतारावरचा सपाट कट्टा

प्लॉट बघायला गेलो तेव्हा माझे सासरे, आबा, काखेत लाकडी पाट मारून आले होते. मी स्वयंपाकघर कुठे येईल ते बघत होते, आमचे हे नकाशा उलगडत होते, आणि आबा उतारावर पाट टाकून बसले. पाट घसरला. त्यांनी खाली दगड लावला आणि पुन्हा बसले.

“आधी बसून बघू, मग बोलू,” म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. मला बघायला आले तेव्हाही आमच्या सोप्यात बराच वेळ नुसते बसून होते. माझ्या आईला वाटलं, पाहुण्यांना मुलगी पसंत नाही.

आबांची सगळी नोकरी गुळाच्या अडतीत दिवाणजी म्हणून झाली. संध्याकाळ मात्र मंगळवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांसमोरच्या कट्ट्यावर. गवळी म्हशी आणायचा, समोर धार काढून द्यायचा, आणि फेसाळ पेले हातात घेऊन मंडळी पैलवानापासून कलेक्टरापर्यंत सगळ्यांना नावं ठेवायची. सासूबाई गेल्यापासून आबांची माणसं म्हणजे तो कट्टाच. त्यामुळे गावाबाहेर घर बांधायचं ठरलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, “घर बांधा. पण पेठेतली एक खोली सोडायची न्हाय. तितं माणसं न्हाईत. मी काय झाडासंगं बोलू व्हय?” खोलीची किल्ली त्यांनी करदोड्याला बांधली.

हे मला चालणारं नव्हतं. साठी उलटलेला माणूस एकटा पेठेत आणि आम्ही तिकडे. त्यांचा डबा कोण पोचवणार, ताप आला तर कळणार कुणाला? आबा नव्या घरात रमलेच पाहिजेत, हे मी मनाशी पक्कं केलं.

उताराच्या जागेत मोकळी जमीन भरपूर, सपाट चिमूटभर. घर मधल्या टप्प्यावर घेतलं. मागे वरच्या अंगाला एक टप्पा उरला आणि पुढे रस्त्याकडे एक. ह्यांना पुढे हिरवळ हवी होती, मला मागे धुण्याचा दगड आणि वाळवणाला ऊन. आबा सिटी बसने यायचे आणि एकेका जागी पाट टाकायचे. मागच्या टप्प्यावर ऐन एप्रिलात दुपारभर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “तुझ्या मिरच्या हितं वाळत्यात बघ. मी वाळलो.” हिरवळीच्या जागेवर बसून आल्यावर ह्यांना म्हणाले, “गवत लाव की. आसपासच्या म्हशी तुझं नाव काढतील.”

मग ते कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला बसू लागले. वरच्या वस्तीकडे जाणाऱ्या माणसाला नेमका आमच्या प्लॉटपाशी दम लागायचा. आबा हाक द्यायचे, “काय पावणं, टेका की जरा.” कट्टा तिथेच हवा, कुंपण हवं तर आत घ्या, असं त्यांनी ठरवलं. स्वतःची जमीन रस्त्याला द्यायची म्हणून हे कुरकुरले. मी लगेच हो म्हटलं.

गवंडी म्हणाला, उतार आहे, कट्टा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवू. आबांना ते पटेना. “कट्टा म्हंजे सपाट. पेला ठेवला तर घरंगळाय नको.” त्यांनी वरच्या टोकाला बसून आपल्या गुडघ्याएवढी उंची ठरवून दिली आणि पूर्ण होईपर्यंत तिथेच बसून देखरेख केली. खालचं टोक जाऊन बघितलं नाही. तिथे कट्टा माझ्या छातीएवढा झाला होता. येणारेजाणारे हसायला लागले. मीही बोलून गेले, “आबा, इकडच्या टोकाला शिडी लावावी लागेल.” आबांनी पाट उचलला आणि पेठेत निघून गेले. वास्तुशांतीला आले तेही पाहुण्यासारखे, जेवून परत.

मी ते टोक उतरवायला गवंड्याला सांगणारच होते. पण एका सकाळी भाजीची भरली पाटी डोक्यावर घेतलेली बाई त्या उंच टोकापाशी थांबली आणि कुणाच्या हाताशिवाय पाटी अलगद कट्ट्यावर सरकवली. दम खाल्ला, मान हलवली, पाटीखाली डोकं घालून चालती झाली. मग आणखी बायका थांबू लागल्या. वरच्या वस्तीतला गवळीही किटल्या तिथेच टेकवू लागला. आबांनी हे आधीच ओळखलं होतं असं मी म्हणणार नाही. ते चुकलेच होते.

डबा घेऊन पेठेत गेले तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं, की उंच टोकाला बायका पाट्या उतरवतात. त्यांचा विश्वास बसेना. “बसून बघाय पायजे,” म्हणाले आणि पाट घेऊन माझ्याबरोबर निघाले.

उंच टोकावर चढायला त्यांना गवळ्याने हात दिला. थोड्या वेळात ती भाजीवाली आली. “आबा, सरका की. तुमच्यापरास माझी पाटी जड हाय.” आबा सरकले. तिने वांग्याचा भाव सांगितला, त्यांनी तो खोडून काढला, गवळी मध्ये पडला, आणि दिवेलागण झाली तरी कुणी उठेना. घरात आल्यावर आबांनी करदोड्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली.

“मालकाला दिऊन टाक. पेठेत आता कोण ऱ्हायलंय?”

पेठ माणसांनी गच्च भरलेली होती. मी किल्ली देऊन टाकली.

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा पाट मी वाळवणाच्या कापडावर वजनाला ठेवते. ते उंच टोक सारखं करून देऊ का, असं तो गवंडी अजून भेटला की विचारतो. मी त्याला सांगते, आधी डोक्यावर पाटी घेऊन चढ चढून ये, मग विचार.