झापडाखालचे दहा दिवस

सातव्या दिवशी संध्याकाळी मी देवावर रुसून लालबागला घरी आले. खरं तर चूक माझीच होती, आणि ती मला पक्की ठाऊक होती. पण माझा स्वभाव असा की आधी दुसऱ्यावर चिडायचं. त्या दिवशी दुसरं कोणी सापडलं नाही.

मुंबईपासून काही तासांवरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी दहा दिवसांच्या कोर्सला गेले होते. वैमानिकाचा परवाना हातात होता. आता बाहेरचं काही न दिसता, नुसत्या यंत्रांवर बघून विमान चालवण्याचं रेटिंग हवं होतं. पुढच्याच आठवड्यात एअरलाइनची निवड होती, आणि रेटिंग नसेल तर माझं नाव कटणार होतं. एरवी महिनोन् महिने चालणारं शिक्षण इथे दहा दिवसांत. पहाटे ब्रीफिंग, सकाळी उड्डाण, दुपारी सिम्युलेटर, संध्याकाळी दिवसभरातल्या चुकांची उजळणी. शिकवायला पन्नाशीच्या कॅप्टन मॅडम. एकच गोष्ट पाचव्यांदा सांगतानाही आवाज चढायचा नाही. माणसाने शिकवावं तर असं, हे मी रोज मनात म्हणायचे.

या उड्डाणात डोक्याला घोड्याच्या झापडांसारखा हूड लावतात. समोरचे डायल दिसतात, खिडकीबाहेरचं दिसत नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून हनुवटी जराशी वर करून हूडखालून क्षितिज चोरून बघत होते. विमान अगदी सरळ जायचं, मॅडम शाबासकी द्यायच्या आणि मी ती निर्लज्जपणे घ्यायचे. सातव्या दिवशी आम्ही खऱ्याखुऱ्या ढगात शिरलो. आता चोरून बघायलाही बाहेर काही नव्हतं. शरीर सांगत होतं, विमान डावीकडे कलतंय. डायल सांगत होता, सरळ आहे. मी शरीराचं ऐकलं आणि विमान उजवीकडे इतकं कलवलं की मॅडमना ते स्वतःच्या हातात घ्यावं लागलं. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आज घरी जा, उद्या येऊ नकोस. परवा बघू." परीक्षा दहाव्या दिवशी होती.

आईला मी काही सांगितलं नाही, पण तिने चेहरा वाचला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ठाकूरद्वाराक जावन ये. देवाच्या कानार घाल." मी पोचले ती भर दुपारी. तिथलं देऊळ बंद. देवही नेमका आत्ताच झोपलाय, म्हणून मी पायरीवर धुसफुसत बसले. तेवढ्यात मासळी विकून परतणारी एक कोळीण आली. रिकामी टोपली खाली ठेवली, बंद दारापुढे हात जोडले, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी बोलली आणि हसऱ्या चेहऱ्याने निघाली.

मी म्हटलं, "मावशी, देऊळ बंद आहे. चारला उघडेल."

"ठाव हाय गो. दार लावलाय म्हणून देव कुठं गेला काय? आत हाय तो." टोपली उचलता उचलता तिने माझ्याकडे पाहिलं. "दिसला तरच मानायचा असंल, तर तू त्याच्यावर पाळत ठेवतेस, भक्ती नाय करत."

ती गेली. मी तिथेच रडले. ही बाई माझ्याबद्दल काहीच जाणत नव्हती, तरी तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. चार वाजायची वाट न बघता मीही बंद दारालाच हात जोडले.

नवव्या दिवशी पहाटे मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. परीक्षेतून नाव काढलं असतं तरी मी काय बोलणार होते? त्या म्हणाल्या, "म्हणजे मी सहा दिवस क्षितिजाचं कौतुक करत होते! चल, हूड लाव." त्यांनी हुडाच्या कडेला कागद चिकटवला आणि दिवसभर मला घासूनपुसून काढलं. तो त्यांच्या सुट्टीचा दिवस होता, हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा ढग लागला. शेजारी परीक्षक बसलेले. शरीराने तीच जुनी ओरड सुरू केली, डावीकडे, डावीकडे. मी मनात म्हटलं, देवा, मला काही कळत नाही, तूच ने. घट्ट आवळलेली बोटं सैल झाली. डायल सरळ म्हणत होता, मी सरळ ठेवलं. कितीतरी वेळाने ढग संपला आणि धावपट्टी अगदी नाकासमोर होती.

उतरल्यावर परीक्षकांनी पास झाल्याचं सांगितलं आणि मी धावत जाऊन मॅडमच्या पाया पडले. त्या संकोचून म्हणाल्या, "अगं, लोक बघतायत!" मला हुंदका आवरेना. माझ्यासारख्या लबाड मुलीसाठी देवाने किती माणसं कामाला लावली होती! पूर्वी मी देवापुढे उभी राहिले की सूचनांची यादी वाचायचे, हे असं कर, ते तसं होऊ दे. आता नुसते हात जोडते. कुठे न्यायचं ते त्याला माहीत आहे.