दातांनी ऐकणारे भावजी

भावजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी खुर्ची ठोकून पाहिली. बोटाच्या पेराने, दारावर टकटक करावी तशी. मग मागच्या पायाकडे वाकून आईला म्हणाले, हा पाय नंतर बसवलेला दिसतो. आई म्हणाली, असेल. पाय खरंच नंतर बसवलेला होता, पण घरात कुणी तो विषय काढत नसे, कारण मूळचा पाय माझ्या वडिलांनी रागाच्या भरात मोडला होता. माझ्या ताईने एवढ्यावर हा माणूस पसंत केला. मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्यावर नजर ठेवून आहे.

त्यांचा धंदा जुन्या लाकडी सामानाचा. मोडकी कपाटं, टेबलं, पलंग विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. गल्लीच्या टोकाला त्यांची लांबलचक शेड आहे. आत शिरलं की आधी सरसाचा वास येतो, मग पॉलिशचा, आणि मग भावजींचा आवाज येतो, की दार लाव, धूळ येते. बाजारात त्यांना टकटकशेठ म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे तर पाणीसुद्धा फुंकून पितात, असं ताई म्हणायची. भाजीवाल्याचा तराजू, शेजाऱ्याचा नमस्कार, माझा वाढदिवस, या सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय होता.

पण टकटक ही नुसती सुरुवात असे. खरी परीक्षा सळईची. वीत-दीड वीत लांब लोखंडी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी मूठ, आणि मुठीवर वर्षानुवर्षांच्या दातांच्या खुणा. सळईचं टोक लाकडावर टेकवायचं, मूठ पुढच्या दातांत घट्ट धरायची आणि डोळे मिटायचे. आत किडा लाकूड कुरतडत असेल तर ती करकर सळईतून दातांत आणि दातांतून थेट डोक्यात येते. कानाला ती कधीच येत नाही. करवतीच्या आवाजाने भावजींचे कान तसेही अर्धे निवृत्त झाले होते. ते म्हणत, कान लोकांचं ऐकतात, दात फक्त लाकडाचं.

त्यांचं खरं वैर होतं ते भरावाशी. किडक्या लाकडाच्या भोकांत भुसा आणि सरस कालवून पुट्टी भरायची, वरून पॉलिश मारायचं आणि नवं म्हणून गळ्यात मारायचं, हे बाजारात सर्रास चालतं. भावजींनी आयुष्यात कधी भराव भरला नाही. किडका भाग कापून काढायचा आणि तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवायचा. पुट्टीत स्क्रू धरत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

मी एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. हत्यारं उकळते, दातांचे एक्स-रे फोटो काढते, घाबरलेल्यांचा हात धरते. भावजींच्या हिरड्या सुजलेल्या मला केव्हापासून दिसत होत्या. दवाखान्यात चला म्हणून मी दातांच्या कण्या केल्या. ते म्हणाले, दात कोरून पोट भरत नाही असं जग म्हणतं, तुमच्या डॉक्टरीणबाईंचं बरं भरतं. मग एकेक करत वरचे पुढचे दात हलले आणि गेले. त्यांनी काढता-घालता येणारी कवळी केली, तीही दुसरीकडे, कारण आमच्याकडे केली असती तर मला कमिशन मिळालं असतं असा त्यांचा हिशोब. कवळीत सळई धरली की करकर यायची ती गोणपाटाच्या थराआडून आल्यासारखी. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग एके दिवशी एक भलंमोठं कपाट शेडमध्ये आलं. भावजींनी सळई लावून घेतलेलं. वरची पट्टी काढायला पटाशी लावली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. सगळी चौकट आतून पोखरलेली होती. ताई सांगते, ते त्या कपाटासमोर स्टूल टाकून बसले ते जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आले. माझ्या घरी ते पहिल्यांदाच खुर्ची न ठोकता बसले.

"मेहुणीबाई, दात नसले तर मला दुसऱ्याच्या शब्दावर माल घ्यावा लागेल," ते म्हणाले. "त्यापेक्षा मी शेडला कुलूप लावतो."

मला फार वाईट वाटलं. हा माणूस कुणावर विश्वास टाकायला शिकलाच नव्हता, आणि आता त्याचा स्वतःवरचाही उडाला होता. मी म्हटलं, हाडात पक्के बसवलेले दात असतील तर आवाज थेट हाडात जाईल, बघा एकदा विचारून.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला. दात गेले की त्यांना धरणारं हाड झिजत जातं, आणि हिरड्यांच्या दुखण्याने भावजींचं आधीच खाल्लं होतं. पुढच्या बाजूला पापुद्र्याएवढंच उरलं होतं. तिथे दाताचा धातूचा स्क्रू बसवला तर धरणार कशात? म्हणून आधी हाडाचे दाणे भरायचे, वरून पातळ पडदा घालून हिरडी शिवायची, काही महिने थांबायचं आणि मग स्क्रू.

"म्हणजे पुट्टी," भावजी म्हणाले. "पुट्टीत स्क्रू धरत नाही."

"काका, पुट्टी भरतात ते लाकूड मेलेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " जबडा जिवंत आहे. आम्ही दाणे ठेवतो, त्यांच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड वाढतं. काठीवर वेल चढतो तसं."

"काठी काढली की वेल पडतो," भावजी म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. दाणे कुणाच्या हाडाचे? जनावराच्या, शुद्ध केलेल्या. कुठलं जनावर? वय काय होतं? आजारी तर नव्हतं? बाईंनी सीलबंद बाटली दाखवली तर त्यांनी ती कानाशी हलवली आणि मग सील नखाने खरवडून पाहिलं. बाई हिरडीखाली घालायचा तो पडदा दाखवायला वळल्या तेवढ्यात त्यांनी टेबलही ठोकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, वर सागवानाचा पापुद्रा आहे आणि आत दाबलेला भुसा. जिला स्वतःचं टेबल ओळखता येत नाही ती माझ्या जबड्यात काय भरणार आहे, हे देवाला ठाऊक. तरीही ते तयार झाले, कारण ते कपाट त्यांना रोज समोर दिसत होतं.

दाणे भरले. टाके घातले. हात लावू नका, कवळी घालू नका, मऊ खा, एवढंच सांगितलं होतं. थोड्याच दिवसांनी चूळ भरताना त्यांच्या जिभेला दोन-चार दाणे लागले. असे वरवरचे दाणे सुटतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मीच त्यांना आधी सांगायला हवं होतं, पण मला काय माहीत हा माणूस दाणे थुंकायच्या ऐवजी कागदावर घेऊन उन्हात बघत बसेल. त्यांच्या लेखी गोष्ट सरळ होती. लाकडातून भुगा पडायला लागला की आत किडा आहे. आणि किडा किती खोल आहे हे बघायला लाकडात टोचा घालतात.

त्यांनी टोचा घातला. लाकडाचा टोचा, स्वतःच्या हिरडीत, आरशासमोर उभं राहून. वर मला सांगतात कसे, आधी उकळत्या पाण्यात धरला होता, तुझ्याकडूनच शिकलो.

चार दिवसांत ओठ आणि नाकाखालचा भाग टम्म सुजला. डॉक्टरीणबाईंना सगळा भराव काढून टाकावा लागला. हातमोजे काढताना त्यांनी बराच वेळ लावला. भावजी खुर्चीत पडून छताकडे बघत म्हणाले, बघा, पुट्टीच होती. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की ट्रे आपटून मी बाहेर गेले. ताई बाहेर बसली होती. तिने घरी जाऊन शेडमधले सगळे टोचे गोळा केले आणि कुठे लपवले ते आजतागायत कुणाला सांगितलं नाही.

जखम भरून आल्यावर बाईंनी दुसरा रस्ता काढला. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून त्यांचंच थोडं हाड काढायचं आणि पुढे बसवायचं. त्यात एकाऐवजी दोन जखमा, म्हणून आधी सुचवलं नव्हतं. भावजी उठून बसले. त्याच लाकडाचा तुकडा, म्हणाले. हे आधी का नाही बोललात? त्यांनी सही केली आणि पहिल्यांदाच कुणाला उलटतपासणीला उभं केलं नाही. मला मात्र धाकधूक होती, कारण हेही बिघडलं असतं तर भरायला जागा उरली नसती. मग कुलूपच.

त्यानंतरचे महिने शेड चालवायची कशी हा प्रश्न होता. कवळी बंद, सळई बंद. तेव्हा ताईने सळई हातात घेतली. तिने मुठीला स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, अहो, माझे दात शाबूत आहेत, सांगा काय ऐकायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण भावजींना तेही पटेना. त्यांनी तिची परीक्षा घेतली. ठाऊक असलेले लाकडाचे तुकडे पुढे ठेवायचे आणि विचारायचं, भरीव की किडकं. ताईचं एकही उत्तर चुकलं नाही. त्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ही माझं तोंड बघून ओळखते. मग त्यांनी पाठ करून बसायला सुरुवात केली.

अखेर ताईच्या शब्दावर त्यांनी एक जेवणाचं टेबल घेतलं. दणकट, गोल पायांचं. पण ते विकायला ठेवेनात. दुसऱ्याच्या दातांनी घेतलेला माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, असा त्यांनी नियम काढला आणि टेबल घरच्या स्वयंपाकघरात आलं. ताई आधी रुसली. मग तिने त्याच्यावर मेणकापड घातलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, हे टेबल मी घेतलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या घरातली एकही खुर्ची तिच्या मताने आली नव्हती.

हाड धरलं. स्क्रू बसले. पुन्हा वाट बघायची होती आणि भावजींनी ती बघितली, तोंडात बोटसुद्धा न घालता. दात चढवायच्या आधी डॉक्टरीणबाई एक गोष्ट करतात, ती मी रोज बघते. हत्याराच्या दांड्याने त्या स्क्रूच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारतात आणि ऐकतात. हाडात पक्का असेल तर आवाज खणखणीत येतो, नाहीतर भद्द. ज्या बाईंना टेबल ओळखता येत नव्हतं त्यांनी भावजींच्या जबड्यावर टकटक केली.

भावजींनी डोळे मिटले.

"पुन्हा वाजवा," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाजवलं. एकेक करून सगळ्यांवर. भावजींच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि कानात गेलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग म्हणाले, भरीव आहे. मलाही भरून आलं, आणि मी उगाचच धुतलेली हत्यारं पुन्हा धुतली.

दात बसले त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. चपला काढून ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि टेबलापाशी गुडघ्यावर बसले. ताई पदराला हात पुसत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारखं काहीतरी होतं. भावजींनी सळई दातांत धरून एक पाय ऐकला, दुसरा ऐकला. तिसऱ्या पायापाशी ते बराच वेळ थांबले.

"काय?" ताईने विचारलं.

सळई तोंडातून काढून त्यांनी मूठ सदऱ्याला पुसली.

"भरीव आहे," ते म्हणाले.

ताई ओट्याकडे वळली. चहाला आधण ठेवताना तिच्या बांगड्या नेहमीपेक्षा जास्त वाजल्या, एवढंच. माझ्या डोक्यात मात्र संशयाचा किडा वळवळायला लागला. चौथा पाय त्यांनी ऐकलाच नव्हता. या माणसाने आयुष्यात कधी कुठली गोष्ट तीन पायांवर मान्य केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ताई बाजारात गेली होती. दार उघडं होतं. स्वयंपाकघरात टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. भावजी उताणे पडले होते, हातात आमच्या दवाखान्यातली सिरिंज. बिजागऱ्यांना तेल घालायला हवी म्हणून माझ्याकडूनच मागून घेतली होती. तिसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती आणि ते एकेका भोकात किड्याचं औषध सोडत होते. शेजारी वाटीत भुसा आणि सरस कालवलेला होता.

"भावजी, पुट्टी?" मी म्हटलं.

"हळू बोल," ते म्हणाले. त्यांनी बोटाने पुट्टी एका भोकात दाबली आणि कड निपटून काढली. हात सवयीचा नव्हता, ते दिसत होतं. "तिला कळलं तर ती पुन्हा सळई हातात धरायची नाही. भरावही धरतो कधीकधी. मी लक्ष ठेवीन."

बाहेर फाटक वाजलं. ते या वयात इतक्या चपळाईने उठतील असं मला वाटलं नव्हतं. वाटी ओट्यामागे गेली, मेणकापड सारखं झालं, आणि सिरिंज मी माझ्या पर्समध्ये टाकली. ताई पिशव्या घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"कसला वास येतोय गं?" तिने विचारलं.

"दवाखान्याचा," मी म्हटलं. "माझ्या कपड्यांना येतो."

ताईने भावजींकडे पाहिलं. माझ्या वाढदिवसाच्या तारखेवरसुद्धा ज्यांचा कधी विश्वास बसला नाही ते भावजी लगेच मान हलवून म्हणाले, हो, तिच्या कपड्यांनाच येतो, मघापासून मलाही येतोय.