शिरूर-दौंड गाडीतली पिवळी अक्षरं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दौंडला एका कचेरीत टायपिस्ट होते आणि रोज शिरूरहून एसटीने जात होते. गाडीत पुढच्या बाकांवर, खिडकीच्या वर 'स्त्रियांसाठी राखीव' असं पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं आणि त्याखाली नेहमी पुरुष बसलेले असायचे. स्टँडवर ते तंबाखू मळत गप्पा मारायचे. बायका चढायला लागल्या की त्यांना झोप लागायची. कंडक्टर म्हणायचा, "झोपलेल्या माणसाला कसं उठवू, ताई?"

आमच्याबरोबर एक नर्सबाई यायची. तिला सातवा महिना होता. एकदा ती निम्मी वाट दांड्याला धरून उभी राहिली आणि मग दोन बाकांमधल्या वाटेतच खाली बसली. शेजारच्या राखीव बाकावर पांढऱ्या टोपीतले एक आप्पा घोरत होते. तिच्या बाटलीतलं पाणी सांडून त्यांच्या चपलांकडे आलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच पाय वर घेतले.

ते पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. संध्याकाळी शेजारच्या भाभींना सगळं सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचं स्टँडजवळ रेडियमचं दुकान होतं. गाड्यांच्या नंबरप्लेटची, काचेवरच्या नावांची चिकट अक्षरं तिथं कापली जायची. दुकानावर नाव नवऱ्याचं होतं, पण अक्षरं कापायच्या भाभी.

भाभींनी शांतपणे विचारलं, "पाय वर घेतले? म्हंजी जागाच व्हता की. मग त्याच्यासाठी पन एक पाटी पायजे."

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर रिकामी उभी होती. आम्ही दोघी चढलो. 'स्त्रियांसाठी राखीव'च्या बरोबर खाली भाभींनी नवी ओळ चिकटवली. तोच पिवळा रंग, तेच वळण. 'व झोपेचे सोंग घेणाऱ्या पुरुषांसाठी.' मग अंगठ्याने कडा दाबून त्या खाली उतरल्या.

आप्पा आले, नेहमीच्या जागी बसले. बायका चढल्या तसे त्यांनी डोळे मिटले. आधी मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग कंडक्टर, मग सगळी गाडी. आप्पांनी एक डोळा उघडला. सगळे आपल्या डोक्याच्या वर बघतायत हे लक्षात आल्यावर ते वळले आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते उठले, टोपी सारखी केली आणि नर्सबाईला म्हणाले, "बस, पोरी. माझी झोप झाली."

मग आम्हाला चेवच आला. दुसऱ्या गाडीत कॉलेजची पोरं राखीव बाक सोडत नव्हती. तिथं भाभींनी लिहिलं, 'येथे बसणाऱ्याचे लग्न जुळत नाही.' पोरं हसली, पण बसायचं धाडस कुणी केलं नाही.

थोड्या दिवसांनी तपासणीचे साहेब आमच्या गाडीत चढले. त्यांनी पाटी वाचली आणि दरडावून विचारलं, "हे कुणी लावलं?"

मी खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले. तेवढ्यात मागून आप्पाच उभ्यानं म्हणाले, "कुनी बी लावलं असंल साहेब, पर लिवलंय ते खरं हाय. आमी बसत व्हतो."

साहेबांनी ओठ आवळून हसू दाबलं. पाटी काढावी लागेल, असं ते कंडक्टरला म्हणाले. आणि पुढं बजावलं, "आजपासून या बाकांवरून पुरुषांना तू उठवायचंस. झोपलेला असला तरी."

पाटी खरवडली गेली. पण त्यानंतर मी दौंडपर्यंत रोज बसून गेले, तेही खिडकीजवळ. नर्सबाई रजेवर जाईपर्यंत तिची जागा कुणी घेतली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि भाभी एका लग्नासाठी पाटसला निघालो होतो. दौंडला बदललेल्या गाडीत राखीव बाकाच्या वर एक अनोळखी ओळ दिसली, 'पुरुषांनो, पाय दुखत असल्यास दवाखान्यात बसा.' भाभी उठून जवळ गेल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे आपलं न्हाई," त्या म्हणाल्या. "कापलंय वाकडंतिकडं." मग त्या ओळीखाली बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडं बघितलं आणि मोठ्या समाधानानं म्हणाल्या, "पर चिकटवलंय पक्कं."