भिंगारमधले एक झबले

गेली अठरा वर्षे मी युद्धकाळातल्या प्रेमकथा लिहितो आहे. वाणिज्य शाखेत शिकलो, त्याच शिस्तीने पलटणींच्या हालचाली, गाड्यांच्या वेळा, पत्र पोहोचायला लागणारे दिवस, सारे तपासतो. आठव्या कादंबरीचा शेवटही तयार होता: तान्हे बाळ गेल्यावर नायिका आघाडीवरच्या पतीला सहा पानी पत्र लिहून कळवते आणि धीर देते. त्याच सुमारास भिंगारहून हौसाबाई नावाच्या एका अनोळखी आजींचा फोन आला. नात त्यांना माझी पुस्तके वाचून दाखवते. "तुमच्या बाया लई ल्हितात," एवढेच त्या म्हणाल्या. हस्तलिखित छापायला देण्याआधी जाऊन येणे भाग होते.

पुण्याहून सकाळी साडेसहाची एसटी धरावी आणि डावीकडे बसावे, ऊन लागत नाही. सुप्यानंतर धुके इतके दाटले की शेते, विजेचे खांब, सायकलवरचा दूधवाला, सारे पाण्याखालून सरकत असल्यासारखे दिसू लागले. नगरच्या स्थानकाबाहेरून भिंगारला शेअर रिक्षा मिळते, वीस रुपये. छावणीतल्या रस्त्यावर चुना लावलेली खोडे धुक्यात एकामागून एक उजळत गेली.

हौसाबाईंनी अंगणातच हुलग्याचे शेंगोळे वाढले. शेजारी त्यांचे पती, निवृत्त हवालदार रंगनाथराव, उन्हात खुर्ची ओढून बसले होते. मी माझा शेवट वाचून दाखवला.

"आघाडीवर असलं वाईट कुनी कळवतं व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. "आमची थोरली दोन महिन्यांची गेली, तवा ह्ये सरहद्दीवर. मी गुरुजींकडनं ल्हून घ्यायची, लेक मजेत हाय. म्हातारा सासरा गेला तरी तब्येत बरी, असंच ल्हायची रीत."

"आन् मला पयल्याच महिन्यात कळलं हुतं," रंगनाथराव म्हणाले. "गावचा एक जन रजेवरनं आमच्या पलटणीत परत आला हुता."

"मग बोलला न्हाईत ते! नुसतं ल्हिलं, लेकीला झबलं घे."

"मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर तू खचली असतीस."

"अवो, कळलंच की मला! लेकीचं कधी इचारलं न्हाई, अन् एकदम झबलं? तुमास्नी कळलंय, ह्ये त्या दिसापासनं ठाऊक हाय."

रंगनाथराव त्यांच्याकडे वळले. "आन् इतकी वर्सं?"

"तुमी इचारलं न्हाई." हौसाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी शेंगोळे वाढले. "घेतलं हुतं झबलं. पिवळं."

"हे लिहिले तर चालेल?" मी विचारले.

"ल्हा. नावं तेवढी बदला."

ती बदलली आहेत.

परतीच्या गाडीत मी काहीही टिपून घेतले नाही. बाहेर उसाचे तुरे संध्याकाळच्या उजेडात हलत होते आणि सात कादंबऱ्यांतल्या माझ्या साऱ्या नायिका मोठमोठ्याने बोलत असल्यासारख्या वाटल्या.

घरी येऊन सहा पाने काढून टाकली. त्यांच्या जागी नायिकेचे पत्र आता एवढेच आहे: "लेक मजेत आहे. झबले घेतले, पिवळे."

प्रकाशक म्हणाले, "यात वाचकांना प्रेरणा कुठे मिळणार?" शेवट मात्र मी बदलणार नाही.