सातव्या दिवसाचा भात

सप्तापुरात आमच्या माडीवर जावा बेटावरची एक मुलगी भाड्याने राहते. विद्यापीठात संशोधन करते. गेल्या वर्षी तिचे वडील वारले आणि तिला जाता आले नाही. तिच्या गावी सातव्या दिवशी शेजारी फुले ठेवलेल्या भाताभोवती बसतात, कुराणातले पठण होते, मग दोन घास खाऊन उरलेला भात प्रत्येकाने घरी न्यायचा असतो. शेजारी आले नाहीत तर गेलेल्या माणसाला शांती नाही, असे तिची आई मानते. त्या सातव्या संध्याकाळी आईला हे सारे फोनवर दिसायला हवे होते.

शेजाऱ्यांना बोलावण्याचे काम मी घेतले. ते सोपे होते. मी दोनच घरी गेलो आणि दोन्हीकडे माझीच परीक्षा झाली.

समोरचे वकील म्हणाले, "हिच्या वडिलांचं नाव पांडवांपैकी, वर दिवस पाळतात? मग ती आपलीच की, मास्तर. पठण कशाला? समई लावा."

शेजारचे निवृत्त उर्दू शिक्षक म्हणाले, "समई लावली तर मी उठेन. आणि भातापुढे फुलं, हे आमच्यात कुठं आहे?"

मला वैताग आला. दोघेही मूळचे कलघटगीकडचे. मोहरमात वकिलांच्या आईने पंजांपुढे नारळ फोडलेला आहे. शिक्षकांच्या घरून त्याच पंजांना मलिदा जाई. तेव्हा हे कुणाचे, असे कोणी विचारले नाही. जावातही तसेच घडले: नवा धर्म आला, जुनी पंगत राहिली. हे मी इतिहासाच्या वर्गात सांगावे तसे दोघांनाही समजावले.

"इतिहास पुरे, अण्णा," शिक्षक म्हणाले. "येतो. पण बघतो."

दोघे आले. केळीच्या पानांवर पांढरा भात, भाज्या, आंबोळीसारखे गोड घावन, पुढे फुले. वकिलांनी खिशातून काड्यापेटी काढली.

"खाली बसा," मी म्हणालो.

"निदान निरांजन तरी..."

मुलीने फोन भाताकडे वळवून ठेवला. "माझे अप्पा पाच वेळा नमाज पढत," ती म्हणाली. अप्पा हा शब्द ती आमच्याच घरात शिकली. "आणि भीमाचा बाहुल्यांचा खेळ पहाटेपर्यंत बघत. मला दोन अप्पा नव्हते."

काड्यापेटी खिशात गेली. शिक्षकांनी डोक्यावर रुमाल घेतला आणि फुलांकडे न पाहता पठण केले. दोन घास झाल्यावर वकील पुन्हा भात मागू लागले, तेव्हा मला त्यांना आवरावे लागले.

फोनवर आई काहीतरी बोलली. "विचारते आहे, भात नेताय ना?" मुलगी म्हणाली.

वकिलांनी पुडके फोनसमोर धरले. जिन्यात मात्र मला हळूच विचारलेच, "घरी काय सांगू? कुणाचा म्हणून?"

"हिच्या वडिलांचा," मागून शिक्षक म्हणाले. "उतरा आता, वाट अडवू नका."