स्तडे मशे

"खानचाचा गेले," बायकोनं दारातच सांगितलं. मी अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. अहो, सकाळी तर त्यांच्याशी बोललो होतो! बोललो कसला, खेकसलो होतो... दीड महिना झाला, डोकं अजून सुन्नच आहे.

चाचा आमचे शेजारी, पठाण. त्यांचे आजोबा सरहद्दीवरून निजामाच्या फौजेत आले नि इथलेच झाले. चाचांनी ते डोंगर कधी पाहिले नाहीत. पश्तोही दोन-चार शब्दांपुरतीच उरलेली. घरात दखनी, माझ्याशी खणखणीत मराठी. पण मी शाळेतून, पुढं वाळूजच्या कंपनीतून घरी आलो की दारातल्या खाटेवरून हाक ठरलेली, "स्तडे मशे!" लहानपणी मला ती शिवीच वाटायची. मी आईकडं तक्रार केली तेव्हा चाचा लई हसले. थकू नकोस, असा त्या हाकेचा अर्थ. दमून आलेल्याला पठाण असंच म्हणतो. मग मी नुसतं "व्हय चाचा" म्हणून घरात शिरायचो. वर्षानुवर्षं हेच.

त्या दिवशी मात्र मी ड्यूटीला निघतानाच ते म्हणाले. मला आधीच उशीर झालेला. "चाचा, आत्ता तर निघालोय. थकायला काय झालं?" असं तोडून बोललो नि गाडीला किक मारली. दुपारी ते खाटेवरच गेले.

चाळिसाव्याच्या जेवणाला त्यांची लेक नसीमआपा भेटली. मी तिला सगळं सांगून टाकलं, पोटात राहतच नव्हतं. ती म्हणाली, स्तडे मशेला उत्तर असतं, ख्वार मशे. तू कधी लाचार होऊ नयेस, अशी दुआ. चाचा नि त्यांचे थोरले भाऊ रोज हे एकमेकांना म्हणत. पोलीस ॲक्शननंतर भाऊ कराचीला गेले, तेव्हापासून चाचांनी स्तडे मशे कुणालाच म्हटलं नाही. फक्त मला.

मी हबकलोच. "मग मला उत्तर का नाय शिकवलं?"

"अब्बा म्हणायचे, दुआ मागून घ्यायची नसते." मग ती म्हणाली, "त्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या छातीत दुखत होतं रे..."

खाट अजून दारातच आहे, आपा ती उचलू देत नाही. संध्याकाळी मी गाडी लावतो नि खाटेपाशी उभा राहतो. ख्वार मशे, चाचा. त्या सकाळी एवढंच म्हणायला हवं होतं मी.